पहिला साक्षीदार

मोहने, कल्याण
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे सगळे ठीक. थंडी सुरू झाल्यापासून आईचा गुडघा पुन्हा धरतोय, पण ती ऐकते कुठे. काल स्टूलवर चढून माळ्यावरचे डबे काढत होती. मी ओरडलो तर म्हणाली, "मग तू काढ. उंची काय शोभेला दिलीय तुला?" अमृताची बदली शेवटी टिटवाळ्याच्या आरोग्य केंद्रावर झाली, त्यामुळे तुझी भावजय खूश आहे. माझं डोंबिवलीच्या एमआयडीसीतलं काम चालू आहे. कॉम्प्रेसर उघडायचे, धुवायचे, बंद करायचे.

पत्र बघून तुला नवल वाटेल. शाळेत मामाला पोस्टकार्ड लिहायचो, त्यानंतर हे पहिलंच. पण फोनवर आपलं बोलणं आता दोन मिनिटांच्या पुढे जात नाही, आणि त्या दोन मिनिटांतही दाजी बाजूला बसलेत हे मला तुझ्या आवाजावरून कळतं. म्हणून हे स्पीड पोस्टने, तुझ्या नावाने पाठवलंय. तूच फोड.

बुधवारी चौकीतला हवालदार कोर्टाचं समन्स घेऊन घरी आलेला. सिपांग धरणाची ती केस पाच वर्षांनी उभी राहतेय. पंचवीस तारखेला तालेमच्या जिल्हा कोर्टात साक्ष आहे. पहिला साक्षीदार मी.

तुला हे दाजींनी सांगितलं असणारच. त्यांना माझ्याही आधी माहीत होतं. समन्स यायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आलेला. म्हणाले, "रत्ना, तिकडे जायची काही गरज नाही. कल्याणच्या कोर्टातून व्हिडिओवर होऊन जाईल. पाच मिनिटांचं काम. कागदावर आहे तेच बोलायचं."

मी जाणार आहे ताई. स्वतः. एकोणीस तारखेचं गुवाहाटीचं तिकीट काढलंय. पुढे बस, आणि त्यापुढे मिळेल ती सुमो.

तू म्हणशील, कशाला त्या नरकात पुन्हा? नरक वगैरे काही नव्हतं ते. हेच मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. तेवीस दिवस मी बेपत्ता होतो, मग फौजेने सोडवून आणलं, एवढंच तुला माहीत. तेच पेपरात आलेलं, आणि तेच धरण बांधणाऱ्या दाजींच्या कंपनीने सगळ्यांना सांगितलं.

मी तिकडे ड्रिलिंगवर होतो. धरणाची भिंत जिथे उभी राहणार तिथला दगड खोल भोक पाडून बाहेर काढायचा, लाकडी पेटीत ओळीने लावायचा आणि इंजिनियरला दाखवायचा. सहा बोअर झाले. सातवा रिकोर गावाच्या शेताला लागून होता. तिथे गावकऱ्यांनी बांबूची झोपडी बांधली आणि आत बसून राहिले. पाळीपाळीने, बायका, म्हातारे, सगळे. धरण झालं तर त्यांची अकरा गावं पाण्याखाली जाणार होती. त्यांचा पुढारी म्हणजे गावच्या शाळेचा मास्तर, ताबोम. पन्नाशीचा, बुटका, पायात कायम गमबूट. रोज सकाळी आमच्या मशीनपाशी यायचा आणि तिकडच्या हिंदीत म्हणायचा, "आज भी नहीं होगा, भाई. चाय पियो." आम्ही खरंच चहा प्यायचो. पाच आठवडे एक फूट बोअर झाला नाही.

त्या डोंगरात आणखीही लोक होते. बंदूकवाले. त्यांचं सरकारशी जुनं भांडण. अर्धे दिवस बंद, रस्त्यावर फौजेचे नाके, संध्याकाळी चारनंतर गाडी हलत नाही. त्यांना धरणाशी काही देणंघेणं नव्हतं, पण कंपनीचा माणूस हातात असला की सरकार बोलायला येतं, एवढं त्यांना कळत होतं. एके दिवशी सकाळी दहा वाजता मी डिझेलच्या टाकीपाशी एकटा होतो, आणि त्यांनी मला नेलं.

मला मारलं नाही. चालवलं खूप. डाव्या पायात तोडलेल्या बांबूचं टोकदार सड घुसलं आणि पाय मांडीपर्यंत सुजला. एकविसाव्या दिवशी पावसात एक माणूस मोडकी छत्री घेऊन एकटाच चढून आला. ताबोम मास्तर. दुपारभर तो त्यांच्याशी भांडला. भाषा मला कळत नव्हती, पण शाळेत पोरांना झापतात तसा आवाज होता. शेवटी त्यांनी मला ढकलून त्याच्याकडे दिलं.

खाली यायला दोन दिवस लागले. तीन ओढे लागले, आणि तिन्ही वेळा त्याने मला पाठीवर घेतलं. त्याच्या बायकोने पानात बांधून दिलेला भात होता, तो आधी मला भरवला. मी विचारलं, "मेरे लिए क्यों आये?" तर म्हणाला, "तेरे लिए नहीं. तू ऊपर मर गया तो पुलिस हमारी झोपडी जलायेगी." आणि हसला. नाक्यावर त्याने मला जवानांच्या हवाली केलं आणि मागच्या मागे निघून गेला.

फौजेने सोडवलं ते हे असं.

तो माणूस गेली पाच वर्षं तालेमच्या जेलमध्ये आहे. मला पळवल्याच्या आरोपाखाली.

आज एवढंच लिहवतंय. तब्येतीला जप.

तुझा
रत्नदीप

*

मोहने
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ताई,
जय भीम.

तुझा मेसेज मिळाला. "तुझ्यासाठी कोणाकोणाच्या पाया पडले ते विसरलास." एकच ओळ. मी ती दिवसातून दहा वेळा वाचतोय.

विसरलेलो नाही. मी बेपत्ता असताना तू तेवीस दिवस मंत्रालय, कंपनीचं ऑफिस, खासदाराचं घर, सगळीकडे फिरलीस. आईला तू जेवायला घालायचीस आणि स्वतः चहावर राहायचीस, हे मला अमृताने सांगितलं. मी विमानतळावर उतरलो तेव्हा तू आधी माझे हात मोजल्यासारखे चाचपलेस, मग पाय, आणि मग रडलीस. यातलं काही विसरायला मी कोण? म्हणूनच तर पाच वर्षं तोंड शिवून बसलो. तुझ्या उपकाराखाली एक दुसराच माणूस दाबून ठेवला मी.

काल दाजी मोहन्याला आलेले. तुला सांगून आले की न सांगता, ते माहीत नाही. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुला दोन्ही बाजू कळतील.

दाजींनी मिठाई आणलेली. बसले, आईची चौकशी केली. मग बॅगेतून टाइप केलेले दोन कागद काढले. कोर्टात काय विचारतील आणि मी काय सांगायचं.

म्हणाले, "रत्ना, मी तुझा वैरी आहे का? तुला नोकरी मी लावली. तुला आणायला दिल्लीपर्यंत मी गेलो."

"हो दाजी."

"मग? काम पुन्हा सुरू होतंय तिकडे. या वेळी साइटचा सगळा चार्ज माझ्याकडे येतोय. तो मास्तर सुटला तर पुन्हा झोपडी, पुन्हा बंद. एवढं मोठं धरण एका माणसापायी अडलंय."

मी म्हणालो, "अकरा गावांपायी अडलंय."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले, "बरं, मला एवढंच सांग. तो त्यांच्यातला नव्हता, तर त्याला वाट कशी माहीत होती?"

ताई, हाच प्रश्न. तुझ्या घरी, खोपटला, जानेवारीत, मी आल्याला पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा याच शब्दांत त्यांनी हे विचारलेलं. माझा पाय उशीवर होता. दाजी, त्यांच्या ऑफिसचा एक वकील आणि मी. टेबलावर ताबोम मास्तरचा फोटो आणि एक तयार जबाब. "मला बळजबरीने नेणाऱ्या इसमांत हा इसम होता." मी म्हणालो, हा नव्हता. वकील म्हणाला, "तुम्ही तापात होता, तुम्हाला काय आठवणार?" दाजी म्हणाले, त्याला वाट कशी माहीत होती?

आता मी जे पाच वर्षं टाळलं ते लिहितो. मी त्या जबाबावर सही केली. फोटोच्या मागेही केली. मला कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. मला फक्त ते संपायला हवं होतं. आणि तू आतून आलीस, टेबलावर चहा ठेवलास, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, "कर रे सही, आणि मोकळा हो. तो आपला कोण लागतो?"

मी तुला दोष देत नाही. सही माझी आहे. पण तू त्या खोलीत होतीस, आणि मी "हा नव्हता" म्हणालो ते तू ऐकलेलंस. गेल्या पाच वर्षांत आपण यावर एक शब्द बोललो नाही. दिवाळीला, भीमजयंतीला, वडिलांच्या स्मृतिदिनाला, कधीच नाही. फोनवर तू दोन मिनिटांत आवरतं घेतेस ते दाजींमुळे नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

तर काल दाजींनी तो प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. "दाजी, तो तिकडे जन्मलाय. मोहन्याची प्रत्येक गल्ली मला माहीत आहे, म्हणून इथल्या प्रत्येक चोरीत मला आत टाकाल का?"

आई तोपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका मास्तरने मला पाठीवरून खाली आणलं एवढंच मी तिला कधीतरी सांगितलेलं, पुढचं काही तिला माहीत नव्हतं. तिने मला विचारलं, "तुला ज्याने पाठीवरून आणलं, त्यालाच आत टाकलंय?"

मी मान हलवली.

"आणि तू सही केलीस?"

"हो."

मला वाटलं कानाखाली मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती दाजींकडे वळली आणि म्हणाली, "जावईबापू, मिठाई घेऊन जा. पोरांना द्या. चहा झालाय तो पिऊन जा, तसं पाठवणार नाही मी. पण हे कागद माझ्या घरात ठेवू नका."

दाजींनी चहा प्यायला नाही. चपला घालताना मला म्हणाले, "कोर्टात उलटलास तर खोट्या साक्षीची केस तुझ्यावर होईल. सात वर्षं आत जाशील." मी म्हणालो, माहितीये. खरंच माहितीये. नौपाड्यात दीप्ती मॅडम म्हणून वकील आहेत, त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी काही गोड करून सांगितलं नाही. म्हणाल्या, "कोर्ट तुमच्यावर कारवाई सुरू करू शकतं, आणि बहुतेक करेलच. व्हिडिओवर बोललात तर तुमच्या बाजूला कोण उभं असेल ते न्यायाधीशांना दिसणार नाही. जायचं असेल तर समोर जा." आम्ही तासभर बोललो. अमृताही होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सात वर्षांनी तू त्रेचाळीसचा होशील. चालेल मला. रोज उठून तू कोणाकडे बघत नाहीस, ते नाही चालत."

एक गोष्ट तुला आधी सांगायला हवी, मागून कळायला नको. कोर्ट विचारेल, जबाब कोणी लिहिला, कुठे लिहिला, कोण कोण होतं. मी सगळी नावं सांगणार आहे. दाजींचं, आणि तुझं.

रागव. शिव्या दे. या घरी पुन्हा येऊ नकोस असं वाटलं तर तेही सांग. पण मी गप्प बसणार नाही. आता मला गप्प बसवणं कोणाच्याच हातात राहिलेलं नाही, तुझ्याही नाही.

तुझा धाकटा,
रत्नदीप

*

रिकोर
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

ताई,
जय भीम.

इथे फोनला रेंज नाही. हे पत्र उद्या तालेमला जाणाऱ्या एका शिक्षिकेबरोबर पोस्टात टाकायला देतोय. मी धड आहे. आधी हे, कारण तुला तेच आधी विचारायचं असणार.

मंगळवारी साक्ष झाली. कोर्ट लहान आहे, आपल्या मोहन्याच्या शाळेच्या दोन वर्गांएवढं, पत्र्याचं छप्पर. मास्तरला चार पोलिसांनी आणलं. केस सगळे पांढरे झालेत आणि गमबूट नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मागच्या बाकांवर रिकोरचे वीसेक लोक होते. सगळ्यांनी पाहिलं.

सरकारी वकिलाने माझा जबाब वाचला आणि मास्तरकडे बोट दाखवलं. तुम्हाला नेणाऱ्यांत हे होते का?

मी म्हणालो, "नव्हते. यांनी मला सोडवून आणलं."

एकदम गलका झाला. सरकारी वकील न्यायाधीशांना म्हणाला की साक्षीदार फितूर झाला, मला उलटतपासणी घेऊ द्या. मग दीड तास तो माझ्यावर तुटून पडला. कोणी पैसे चारले? कोणी घाबरवलं? जंगलवाल्यांचा निरोप आला का? मी दर वेळी नाही म्हणालो. शेवटी न्यायाधीशांनीच विचारलं. बाई आहेत, वयाने तुझ्याएवढ्या. "जबाबावरची सही तुमचीच?"

"माझीच."

"मग तेव्हा खोटं बोललात की आज?"

"तेव्हा."

"याचा परिणाम काय होतो, माहीत आहे?"

"हो मॅडम. माहीत असूनच तीन हजार किलोमीटर आलोय."

त्यांनी विचारलं, कागद कोणी तयार केला. मी दाजींचं पूर्ण नाव सांगितलं, आणि त्या वकिलाचं जेवढं माहीत होतं तेवढं. घरात आणखी कोण होतं? मी सांगितलं, माझी मोठी बहीण. मी "हा नव्हता" म्हणालो ते तिने ऐकलंय. लेखनिकाने तुझं नाव दोनदा विचारून टाइप करून घेतलं. त्याला ते नीट लिहिता येईना, मी अक्षरं सुटी करून सांगितली. ताई, त्या पाच मिनिटांत मला जेवढा त्रास झाला तेवढा त्या तेवीस दिवसांत झाला नव्हता. पण सांगितलं.

परवा गुरुवारी मास्तरला जामीन झाला. केस अजून संपलेली नाही, पण पहिल्या साक्षीदाराने हे सांगितल्यावर त्याला आत ठेवायला आधार उरला नाही, असं त्यांचे वकील म्हणाले. खोटा जबाब दिल्याबद्दल मला नोटीस निघाली आहे. जानेवारीत पुन्हा यायचंय, या वेळी आरोपी म्हणून. येईन.

तुला वाटत असेल मास्तरने मला मिठी मारली असेल. नाही. जेलच्या दाराबाहेर मी उभा होतो. तो आला, माझ्यासमोर थांबला, आणि म्हणाला, "पाँच साल लेट आया तू." मी म्हणालो, हो. त्याने पुढे काही विचारलं नाही. त्याची बायको माझ्याशी अजून बोललेली नाही. बोलू नये तिने. त्यांचा मोठा मुलगा बाप आत असताना आजारात गेला. माझ्या सहीच्या दुसऱ्या वर्षी. हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. अंत्यविधीला मास्तरला चार तास सोडलेलं, हातकड्यांसकट.

याची माफी मागायची कशी, ते मला येत नाही. मागितलीही नाही. मी मास्तरला एवढंच म्हणालो, की मला काम सांगा. तो म्हणाला, "चल फिर."

म्हणून मी इथे रिकोरला आहे. कंपनीने अर्धवट सोडलेला पूल तसाच लटकलाय, त्याच्या सळ्यांवर वेली चढल्यात. त्यांनीच खणायला घेतलेल्या बोगद्याच्या तोंडातून नाला वाहतोय. कंपनीच्या नव्या मशिनी खाली रस्त्यावर येऊन थांबल्यात, आणि सातव्या बोअरच्या जागेवर कालपासून पुन्हा झोपडी उभी राहतेय. मी बांबू वाहतोय. मला मशीन चालवता येतं, बांबू बांधता येत नाही. गाठ चुकली की म्हाताऱ्या बायका हसतात आणि सोडवून पुन्हा बांधायला लावतात. सगळे माझ्याशी बोलतात असं नाही. एक जण काल माझ्या पायाशी थुंकला. मी बांबू उचलला आणि पुढे गेलो.

धरण होईल की नाही, मला माहीत नाही. या लोकांनाही माहीत नाही. सरकार मोठं आहे, कंपनी मोठी आहे. पण माझ्या सहीवर ते उभं राहणार नाही. या वेळी दाजी साइटवर येतील तेव्हा झोपडीच्या बाहेर पहिला मी बसलेला दिसेन त्यांना. त्यांना हे सांग. धमकी म्हणून नको, बातमी म्हणून सांग.

सध्या मी सात डिसेंबरला निघेन, जानेवारीत पुन्हा इथेच येणार. आईला आणि अमृताला याच टपालात वेगळं पत्र आहे.

आता तुझं. तुला कोर्टाचं बोलावणं येईल. जानेवारीच्या आत येईल, असं इथले वकील म्हणतात. दाजी तुला कागद आणून देतील, टाइप केलेला, नीट. त्यात असेल की भाऊ त्या दिवशी शुद्धीवर नव्हता, तो काही म्हणाला नाही, मी स्वयंपाकघरात होते. तू तसं सांगितलंस तर मला सजा होण्याची शक्यता वाढते, आणि मास्तरची केस आणखी काही वर्षं ओढली जाते. तू ऐकलंस ते सांगितलंस तर दाजींची नोकरी जाते, कदाचित जास्तच काही. तुझं घर मोडू शकतं. हे मी तुझ्यावर लादलंय, आणि लादताना मला पूर्ण कळत होतं.

मी तुला विनवणार नाही. मी बेपत्ता असताना तू ज्या-ज्या दारात उभी राहिलीस, तिथे माझा भाऊ आणून द्या एवढंच म्हणालीस. एका बाईला तिचा नवरा पाच वर्षं मिळाला नाही, आणि तो कुठे आहे हे तुला आणि मला ठाऊक होतं. तालेमच्या कोर्टात साक्षीदाराला बसायला खुर्ची देत नाहीत, उभंच राहावं लागतं. तुझी कंबर धरते, औषध बरोबर ठेव. एकटी येऊ नकोस. येणार असशील तर कळव, मी कल्याणहून तुझ्याबरोबर निघेन. येणार नसशील तर कळवू नकोस.

साक्षीदार क्रमांक एक, आता आरोपी,
आणि तरीही तुझाच भाऊ,
रत्नदीप चांगदेव उबाळे